परदेशीं शिक्षिका, परदेशीं माता: पंडिता रमाबाई व त्यांची मनोरमा

दसरा सरला म्हणजे कड्याच्या आसपासचीं गांवें व वस्त्या हळूहळू रित्या होऊं लागतात, हें तुम्ही दरसाल पाहतां. मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयता, चार भांडीं आणि बाजरीचें पोतें बरोबर घेऊन ऊसतोडीस निघतात. कित्येकांच्या कडेवर वर्षा-दोन वर्षांचें मूल असतें. तें उसाच्या फडाच्या बांधावर रांगतें आणि रात्रीं कोपींत झोपतें. कित्येकांचीं मुलें आजीजवळ अगर गांवच्या हंगामी वसतिगृहांत मागें राहतात. तसेंच आपल्या मंडळ्यांतील एखादी शिक्षिका अगर परिचारिका दूर गांवीं नेमणूक झाल्यामुळें तान्हें मूल सासूच्या हातीं देऊन पहाटेच्या एस. टी. गाडींत बसते. ह्या सर्व मातांच्या मनांत एकच प्रश्न सलत असतो. पोटासाठीं अगर कामासाठीं मूल दुसऱ्याच्या हातीं दिलें, तर आई म्हणून मी उणी ठरलें काय? शेजारीपाजारी तर कधीं कधीं हा प्रश्न तोंडावर विचारावयासही कमी करीत नाहींत.

ह्या प्रश्नास तोंड देऊन गेलेल्या एका मातेचें चरित्र आज आपणापुढें ठेवीत आहों. पंडिता रमाबाईंचें नांव न ऐकलेलें ख्रिस्ती घर आपल्या भागांत विरळा. केडगांवचें मुक्ति मिशन त्यांचेंच. हें केडगांव नगरच्या वेशीजवळचें नव्हे, तर दौंड तालुक्यांतील, पुणें-दौंड लोहमार्गावरचें होय. दुष्काळांत सांपडलेल्या मुलींची माता म्हणून बाईंस सर्व जग ओळखतें. परंतु त्यापूर्वीं पंचविशींतील एक विधवा म्हणून दोन वर्षांच्या लेकीसह त्या समुद्रापार गेल्या होत्या, तेथें स्वतः शिकत, दुसऱ्यांस शिकवीत आणि लेकीस वाढवीत होत्या, ह्या काळाचा विचार आपण फारसा करीत नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक असतांही त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला तें शिकविलें आणि त्यामुळें स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत देशभर फिरूं लागलें. घर नाहीं, शाळा नाहीं, आज येथें तर उद्यां तेथें, अशा स्थितींत लक्ष्मीबाई पहाटे, दिवसाचीं कामें अंगावर पडण्यापूर्वीं, लहानग्या रमेस उठवून पाठ देत असत. रमाबाई पुढें ज्या विद्येच्या बळावर जगल्या, ती त्यांना वाटेवरच, प्रवासी आईकडून मिळाली होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

मद्रास इलाख्यांतील दुष्काळाच्या व दारिद्र्याच्या त्या वर्षांत वडील, आई आणि थोरली बहीण हीं एकामागून एक गेलीं. मागें राहिलेलीं रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें हजारों मैल पायीं चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊही वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं जातीचें बंधन न मानतां नोंदणी पद्धतीनें विवाह केला आणि आसामांतील सिल्चर येथें संसार मांडिला. १६ एप्रिल १८८१ रोजीं त्यांस कन्या झाली. तिचें नांव मनोरमा ठेविलें. परंतु १८८२ च्या फेब्रुवारी महिन्यांत पटकीनें पति मरण पावले. त्या वेळीं मनोरमा अवघी दहा महिन्यांची होती.

माहेर उरलें नव्हतें आणि आंतरजातीय विवाहामुळें सासरचाही आधार नव्हता. मूल कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें आणि १८८२ सालीं हंटर आयोगापुढें साक्ष दिली. मुलींच्या शाळांत स्त्रीशिक्षिका हव्यात आणि स्त्रियांच्या उपचारासाठीं स्त्रीवैद्य हव्यात, हा त्या साक्षीचा मथितार्थ होता. परंतु दुसऱ्यांस वैद्य व्हा म्हणून सांगावयाचें तर आपण स्वतः तें शिक्षण कां घेऊं नये, असें त्यांच्या मनानें घेतलें. १८७७ पासून पुण्यांत इंग्लंडांतील वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन ह्या संघाच्या भगिनी सेवा करीत होत्या. त्यांच्या ओळखीनें वाँटेजला जाण्याचें ठरलें. प्रवासाचा खर्च बाईंनीं आपल्या पुस्तकाच्या विक्रींतून उभा केला. तेथें गेल्यावर हिंदुस्थानांत यावयाच्या भगिनींस मराठी शिकवावी आणि मोबदल्यांत आपणांस इंग्रजी शिक्षण मिळावें, असा करार होता. म्हणजे परदेशीं पाऊल टाकण्यापूर्वींच शिकविणें हा त्यांच्या व त्यांच्या लेकीच्या भाकरीचा आधार झाला होता.

१८८३ सालीं दोन वर्षांची मनोरमा व आनंदीबाई भगत नांवाची एक सोबतीण यांसह रमाबाई मुंबईहून निघाल्या. वाँटेज हें ऑक्सफर्डच्या बाजूचें लहानसें गांव. हवा थंड, भाषा परकी, रीतिभाति निराळी. बाई शाकाहारी होत्या व परक्या देशांतही त्यांनीं तें सोडलें नाहीं. अशांत कांहीं महिन्यांतच सोबतीण आनंदीबाई यांचा तेथें अत्यंत दुःखद अंत झाला. ओळखीचें व आपल्या भाषेचें एकुलतें एक मोठें माणूस गेलें आणि बाई लेकीसह एकट्या उरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्या भगिनी जेरल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता झाल्या, आणि मनोरमेवरही त्यांचा फार जीव जडला.

ज्या वैद्यकीय शिक्षणासाठीं इतका अट्टाहास केला, तें मात्र होऊं शकलें नाहीं. बाईंस कानांनीं कमी ऐकूं येत असे व तो दोष वाढत गेला. वैद्य होण्याची आशा सोडावी लागली. दुसरी एखादी असती तर परत फिरली असती. बाईंनीं विचार केला कीं, वैद्य होतां येत नसेल तर उत्तम शिक्षिका तरी व्हावें. १८८४ सालीं त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रख्यात विद्यालयांत गेल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील ह्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यांत मोठा अधिकार असलेल्या बाई होत्या. रमाबाई तेथें गणित, शास्त्र व इंग्रजी साहित्य शिकूं लागल्या आणि त्याच विद्यालयांत संस्कृत शिकवूं लागल्या. एका वर्गांत विद्यार्थिनी, दुसऱ्या वर्गांत अध्यापिका. दोन्ही कामें परक्या भाषेंत, तींही मंद श्रवणशक्तीच्या स्त्रीनें करावयाचीं, ह्यांत किती कष्ट असतील हें शिक्षकीपेशांतील वाचक जाणतील.

मग लहान मनोरमेचें काय? बहुतेक काळ ती वाँटेजला भगिनींजवळ राहिली. तीन वर्षांच्या लेकीपासून दूर राहणें बाईंस सोपें गेलें असेल असें कोणी मानूं नये. नवरा, आईबाप, भावंडें, सर्व गेल्यावर जगांत त्यांचें म्हणावें असें तें एकच माणूस होतें. परंतु विद्या मिळविल्यावांचून हिंदुस्थानांत परत जाऊन करावयाचें कार्य उभें राहत नव्हतें, आणि दिवसभर वर्गांत असतां मूल सांभाळावयास दुसरें कोणी नव्हतें. भगिनींनीं तें मूल प्रेमानें सांभाळलें. त्यांचे उपकार बाई कधीं विसरल्या नाहींत.

तथापि उपकार मानणें निराळें आणि लेकीचें मन दुसऱ्याच्या स्वाधीन करणें निराळें, हा भेद रमाबाईंनीं त्या वयांतही पुरता ओळखला होता. ह्याच बाबतींत त्यांचा व भगिनी जेरल्डीन यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. तीं पत्रें जपून ठेविलीं गेलीं व १९७७ सालीं ग्रंथरूपानें छापली गेलीं, म्हणून आज आपणांस हें सर्व कळतें. भगिनींचें म्हणणें असें कीं, मूल ज्या मंडळींत बाप्तिस्मा पावलें, तिचे सर्व सिद्धांत त्यास लहानपणापासून शिकवावे. बाईंचें म्हणणें असें कीं, जीं गूढ तत्त्वें अद्यापि माझ्याच बुद्धीस पुरतीं पटलेलीं नाहींत, तीं बालकाच्या तोंडीं पाठ करून घालूं नयेत. तिला प्रभूची प्रीति शिकवावी आणि बाकीचें समज येईल तसें तिनें स्वतः पारखावें. दुसरी गोष्ट अशी कीं, मनोरमेनें परक्या देशांत वाढून आपल्या मातृभूमीची लाज बाळगावी, हें बाईंस मुळींच नको होतें. ज्या देशांतील दीन स्त्रियांची सेवा करावयाची, त्या देशास ती आपला म्हणेल अशीच ती वाढली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

ह्या वादांत भगिनी जेरल्डीन वाईट होत्या असें नाहीं. त्यांचा हेतु शुद्ध होता, आणि रात्रंदिवस मूल सांभाळणाऱ्यास त्या मुलाविषयीं मत असणें साहजिकच आहे. बाईंचीं उत्तरेंही कधीं कधीं तीव्र होत. जिच्या घरीं आपलें मूल जेवतें, तिला नाहीं म्हणणें फार जड असतें. तरी बाईंनीं तें म्हटलें. आणि संबंध तोडून नव्हे, तर पत्रें लिहीत, कारणें सांगत आणि धर्ममातेचा मान राखीत म्हटलें.

त्याच सुमारास दुसरा प्रसंग आला. १८८५ सालीं बाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावें असा विचार निघाला. त्यावर मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं आक्षेप घेतला. स्त्रीनें पुरुषांस शिकविल्याचें कळल्यास हिंदुस्थानांत तिच्याविषयीं गैरसमज होईल व तिच्या पुढील कार्यास बाध येईल, असें त्यांचें म्हणणें होतें. बाईंनीं विनयानें परंतु स्पष्टपणें कळविलें कीं, आपण स्वदेशांत पुरुषांच्या सभांपुढें उघड व्याख्यानें दिलीं आहेत, आणि अशा बाबतींत निर्णय करण्याचा अधिकार आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा आहे. माता म्हणून आणि शिक्षिका म्हणून, दोन्ही ठिकाणीं त्यांस एकच गोष्ट राखावयाची होती. मदत घ्यावी, परंतु देवानें आपल्यावर टाकलेली जबाबदारी मदतीच्या मोबदल्यांत देऊन टाकूं नये.

इंग्लंडांत असतांना भगिनींनीं त्यांस लंडनजवळील फुलॅम येथील आश्रम दाखविला. वाट चुकलेल्या स्त्रियांस तेथें हाकलून न देतां प्रेमानें सुधारीत असत. तें पाहून आणि शोमरोनी स्त्रीची विहिरीवरील कथा वाचून बाईंच्या अंतःकरणावर जो ठसा उमटला, तो जन्मभर राहिला. फुलॅम दाखविणारे हात व मनोरमेस सांभाळणारे हात एकाच संघाचे होते, हें येथें सांगितलें पाहिजे.

१८८६ च्या फेब्रुवारींत रमाबाई मनोरमेस घेऊन अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी ह्यांस त्या वर्षीं ११ मार्च रोजीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळावयाची होती. आनंदीबाईंची कथाही मातृत्वाचीच आहे. त्यांचें पहिलें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें, आणि त्या दुःखांतूनच वैद्य होण्याचा त्यांचा निश्चय जन्मास आला. पुढच्याच वर्षीं, १८८७ च्या फेब्रुवारींत, त्या पुण्यांत वारल्या.

अमेरिकेंत बाईंनीं फ्रोबेल ह्या जर्मन शिक्षणशास्त्र्याची बालोद्यान पद्धति शिकून घेतली. ह्या पद्धतींत लहान मुलांस छडीच्या धाकानें पाठांतर न करवितां खेळ, गाणीं, चित्रें व हातांचीं कामें ह्यांच्या द्वारें शिकवितात. ज्या बाई काल महाविद्यालयीन वयाच्या मुलींस संस्कृत शिकवीत होत्या, त्या आतां लहान मुलांबरोबर ठोकळे मांडावयास शिकूं लागल्या. घरीं पांच वर्षांची लेक असलेल्या स्त्रीस ह्या विद्येची थोरवी अधिक कळली असेल, ह्यांत नवल नाहीं. १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयीं त्यांचें इंग्रजी पुस्तक तेथें प्रसिद्ध झालें. बॉस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षें साह्य करण्याचें वचन मिळालें. १८८९ च्या फेब्रुवारींत बाई जपानच्या मार्गानें मुंबईस परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं शारदा सदन उघडलें. तेथें पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आलेल्या गोदूबाई ह्याच पुढें महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

शारदा सदन १८९० सालीं पुण्यास गेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत बाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारें तीनशें मुलींस घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगांवच्या मुक्ति सदनांतील संख्या हजाराच्या वर गेली. तेथें शाळा, छापखाना, विणकाम, शेती, अंधांसाठीं शिक्षण, सर्व कांहीं होतें. एकेकाळीं स्वतःची एक लेक परक्यांच्या हातीं देणें ज्या मातेस भाग पडलें, तिच्याच हातीं दुष्काळानें आतां हजारों लेकी दिल्या. दुसऱ्याचें मूल सांभाळणें म्हणजे काय, हें त्यांनीं दोन्ही बाजूंनीं अनुभविलें होतें.

आणि मनोरमा? तिनें पुढें परदेशींही शिक्षण घेतलें, मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. पदवी मिळविली आणि आईच्याच संस्थेंत शिक्षिका झाली. शारदा सदनाचा भार तिनें वाहिला. १९१२ च्या सुमारास गुलबर्गा येथें ख्रिस्ती हायस्कूल निघालें, तें मनोरमाबाईंच्या मुख्याध्यापकत्वाखालीं. गुलबर्गा, म्हणजे आतांचें कर्नाटकांतील कलबुर्गी, त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें.  त्या राज्यांत मुलींच्या शिक्षणाची काय दशा होती, हें आपल्या वडीलधाऱ्यांनीं सांगितलेलें आहे. अशा ठिकाणीं वाँटेजला वाढलेली ही लेक शाळा चालवावयास आली. आपल्या देशाची तिला लाज वाटूं नये, ही तिच्या आईची इच्छा अशा रीतीनें पूर्ण झाली.

२४ जुलै १९२१ रोजीं मिरज येथें मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षीं मरण पावल्या. रमाबाई त्या वेळीं थकलेल्या, बहिऱ्या व एकाकी होत्या. तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेलें पवित्र शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर त्यांनीं पुरें केलें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनींही देह ठेविला. पहिला पाठ आईकडून पहाटे वाटेवर घेतलेल्या ह्या विदुषीचें शेवटचें कामही शिकविण्याचेंच होतें. आपल्या खेड्यांतील साध्या माणसास शास्त्र वाचतां यावें, एवढाच त्याचा हेतु होता.

ह्या चरित्रावरून आपल्या मंडळ्यांनीं कांहीं गोष्टी घ्याव्या. मूल मागें ठेवून कामास जाणाऱ्या आईस कोणी टोमणा मारूं नये. रमाबाईंसही ताटातुटीचें दुःख सोसावें लागलें आणि मनोरमेच्या बालपणाचीं तीं वर्षें त्यांस परत मिळालीं नाहींत. ही हानि लहान होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यामुळें त्या उणी माता ठरल्या नाहींत. कामावर असतांही लेक काय शिकते, कोणत्या मनाची होते, ह्याची काळजी त्यांनीं एक दिवसही दुसऱ्यावर टाकली नाहीं. त्यांस पत्राची वाट पाहत बसावें लागे. आज फडावरूनही मोबाईलवर लेकराचा आवाज ऐकतां येतो. तेव्हां रात्रीं दहा मिनिटें त्याच्याशीं बोलावें आणि आज शाळेंत काय झालें तें विचारावें. बापानेंही तें करावें, कारण लेकरूं दोघांचें आहे.

जे आजोबा-आजी, मावश्या व शेजारीण बाया मागें राहिलेलीं मुलें सांभाळतात, त्यांची सेवा मोठी आहे. त्यांनीं मुलास आईबापांची आठवण मायेनें करून द्यावी. सोडून गेलीं, असा शब्द त्याच्या कानीं पडूं देऊं नये. आणि मंडळीच्या पंचांनीं ह्या हंगामांत एकदां बसून यादी करावी कीं, आपल्या गांवांत कोणाचीं मुलें आईबापांवांचून आहेत, त्यांतील कोणीं शाळा सोडली आहे आणि संध्याकाळीं त्यांचा अभ्यास घ्यावयास कोण तयार आहे. ज्या घरीं दिवा आहे व वाचतां येणारें एक माणूस आहे, त्या घरानें दोन मुलें बोलावून घेतलीं तरी पुष्कळ होईल. फड संपून चैत्रांत आईबाप परत येतील, तेव्हां आपलें मूल पाटी काढून वाचून दाखवितें आहे, हें त्यांस पाहावयास मिळावें.